रस्त्याला त्याचं वय विचारा

सन १९५६. डिसेंबरातला शेवटचा रविवार, पहाटेचे साडेपाच. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या दिंडीतून तुम्ही सायकल उचलून बाहेर काढता. काळी, चोवीस इंची, दांड्यांच्या ब्रेकची, अर्ध्या मणाच्या आतबाहेर वजनाची. पुढे महापालिकेचा पत्र्याचा बिल्ला आहे, कारण बिल्ल्याशिवाय सायकल रस्त्यावर आणायची सोय नाही. त्याच्यावर दिवा आहे, कारण अंधारात बिनदिव्याचे दिसलात तर चौकातला पोलीस हात आडवा करतो. दांडीला पंप अडकवलाय. पिशवीत सोल्युशन, रबराचे तुकडे, पॉलिशपेपर आणि फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या. खिशात आणे खुळखुळतात. नवे पैसे यायला अजून तीन महिने आहेत. भिंतींवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा रंगवलेल्या आहेत. द्वैभाषिक मुंबई राज्याला जेमतेम दोन महिने झालेत.

टांग मारा आणि निघा.

आज तुम्हाला निवांत रस्ता शोधावा लागणार नाही. शहर संपलं की तो सुरू होतो, आणि शहर लवकर संपतं. स्वारगेट गेलं, गोळीबार मैदान गेलं, घोड्यांच्या शर्यतीचं मैदान मागे पडलं, की दोन्ही बाजूंना वड उभे राहतात. समोरून मंडईकडे निघालेल्या भाजीच्या बैलगाड्या येतात. प्रत्येकीच्या खाली एक कंदील हेलकावतो. गाडीवान पेंगतोय, बैलांना वाट पाठ आहे. घंटी वाजवायची गरज पडत नाही.

हडपसरला हवा एकदम गार लागते. मुठेच्या कालव्याचं पाणी इथल्या उसात आणि मळ्यांत खेळतंय. गाडीतळाच्या पुढे रस्ता फुटतो: सरळ सोलापूरचा, उजव्या हाताचा सासवडचा. तुम्ही उजवीकडे वळता. आता मैलाचे दगड एकेक करत मागे जातात. बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावांनी मुरमात दोन खोल चाकोऱ्या पाडल्यात. सायकलने त्यांच्या मधल्या उंचवट्यावरून जायचं, चाक चाकोरीत घसरलं की हँडल ऐकत नाही. कडेला घेऊ नका, तिथे सराटे आहेत. वडकीच्या अलीकडे बाभळीचा काटा शेवटी गाठतोच. मळ्यातल्या मोटेच्या दंडाला ट्यूब बुडवा, बुडबुडे कुठून येतात ते बघा, घासा, चिकटवा, हवा भरा. या सगळ्या वेळात रस्त्यावरून एकच एसटी जाते. धुरळा बसेपर्यंत ती दिसेनाशी होते.

घाटाच्या पायथ्याशी मस्तानी तलाव लागतो, पेशवेकाळातलं दगडी बांधकाम. पाणी प्या, मानेवर मारा आणि चढायला लागा. दिवे घाट एका गिअरवर बसून चढवणं पैलवानाचं काम आहे. तुम्ही अर्ध्यात उतरता आणि ढकलता. वर पोचल्यावर मागे वळून बघा: खाली पुण्याकडची सपाटी, धुक्यात बुडालेली. पुढे बघा: कऱ्हेचं पठार, त्याच्या पलीकडे पुरंदर आणि वज्रगड. डाव्या अंगाला सोनोरीचा मल्हारगड. अठराव्या शतकात पानशांनी तो बांधला, याच घाटावर नजर ठेवायला. म्हणजे या वाटेवर पहारा ठेवावा इतकी ती तेव्हाही वाहती होती. दरवर्षी आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी इथूनच चढते. ते दिवस सोडले तर १९५६ च्या या घाटात तुमच्या श्वासाचा आणि साखळीचा आवाज, एवढंच.

उतारावर ज्वारीच्या शेतात हुरड्याची आगटी पेटलेली दिसते. कोणीतरी हाक मारतं. तुम्ही थांबता, तळहातावर गरम दाणे घेता. सासवडला पोचायला तुम्हाला साडेतीन तास लागलेत, अंतर वीस मैलांच्या आतबाहेर. कऱ्हेच्या काठी, संगमेश्वराच्या घाटावर बसून भाकरी सोडा आणि एक गोष्ट नीट बघून ठेवा. समोरून एक बैलगाडी पुण्याकडे निघाली आहे. तिच्यात भाजी नाही, गोधडीत गुंडाळलेलं आजारी माणूस आहे. त्याला दवाखान्यात पोचायला सायंकाळ होईल. या रस्त्याचा निवांतपणा तुम्हाला गोड लागला, पण तो निवडलेला निवांतपणा नव्हता. मोटार नव्हती म्हणून रस्ता रिकामा होता. तो काळ परत आणायचा विचार कोणी करू नये. आपल्याला शोधायचा आहे तो दुसरा निवांतपणा: जिथे माणसांची सोय झालेली आहे आणि तरीही रस्ता शांत आहे.

त्यासाठी पुढे चला.

सन १९७३, मे महिना. तेच पठार, तीच सायकल. पण कऱ्हा कोरडी ठणठणीत, विहिरींचे तळ दिसतात. गेल्या साली पाऊस गेला, त्याच्या आदल्या सालीही नीट नव्हता. सकाळी नऊलाच डोळ्यांना ऊन खुपतंय. सासवडच्या पूर्वेला तुम्ही एका कच्च्या वाटेवर वळता आणि थांबावंच लागतं, कारण वाट अजून तयार झालेली नाही. तुमच्या समोर ती तयार होते आहे.

शंभरेक माणसं कामावर आहेत, त्यांत बायाच जास्त. डोक्यावर पदर, पदरावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. काही जणी उकिडव्या बसून हातोड्याने खडी फोडताहेत. बोटांना चिंध्या गुंडाळल्यात, कपच्या उडून लागू नयेत म्हणून. बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत झोळीत पोर निजलंय. मुकादम वही घेऊन हजेरी मांडतो. एकीकडे मातीचा भराव टाकून पाझर तलावाचा बांध उभा राहतोय. दुपारी सुकडी वाटली जाईल. घरी रात्री मिलोची लाल भाकरी होईल, परदेशातून आलेल्या ज्वारीची, घशाखाली न उतरणारी.

महाराष्ट्रभर याच महिन्यात अशा दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं आहेत. घमेलं उचलणारी ही माणसं भीक मागत नाहीत, काम मागताहेत. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच दुष्काळात राज्यभर रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाने तसाच कायदा केला. तुम्ही उभे आहात तिथे या सगळ्याचा पाया हातोड्याने फोडला जातोय.

खडीच्या ढिगाशी बसलेली एक बाई तुमच्याकडे बघते. घाम पुसते.

“कुठनं आला पाव्हणं?”

“पुण्याहून.”

“सायकलवर? एवढ्या उन्हाचं?” ती मडक्यातलं पाणी पुढे करते. पाणी दुर्मीळ आहे हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्ही एकच घोट घेता. मग विचारता, “मावशी, हा रस्ता कुठे निघतो?”

“आमच्या वाडीला.”

“आणि तिथून पुढे?”

“म्होरं कुठं न्हाय जात. वाडीलाच संपतो.” ती पुन्हा हातोडा उचलते.

ते उत्तर लक्षात ठेवा. जगातल्या कुठल्याही शहराभोवती लांबवर सायकल चालवायला निवांत रस्ता हवा असेल, तर त्या बाईने सांगितलं तेवढं पुरतं. जो रस्ता पुढे जात नाही, त्याच्यावर पुढे जाणारे येत नाहीत.

आता आजच्या दिवसात या. पहाटेचे साडेपाच, तेच शहर. सायकल हलकी आहे, गिअर पुष्कळ आहेत, डोक्यावर हेल्मेट आहे, मागे लाल दिवा लुकलुकतो. १९५६ च्या वाटेने निघून बघा. स्वारगेटला शहर संपत नाही, हडपसरलाही नाही. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या अंगाला पुण्याने आपला कचरा कित्येक वर्षं ओतला, त्याचा वास तुमच्याबरोबर मैलभर येतो. दिवे घाटात कंटेनर, डंपर, बस आणि कडेला भरधाव दुचाक्या. घाट रुंद होतोय, कारण हाच आता पालखी मार्ग, राष्ट्रीय महामार्ग ९६५ आहे. कोंढव्याकडून बोपदेव घाटाने जावं म्हटलं तर तिथेही गाड्यांची रांग. चिडू नका. त्या कंटेनरमध्ये कोणाचं तरी पोट आहे, त्या बसमध्ये सासवडचं आजारी माणूस तासाभरात दवाखान्यात पोचतंय. रस्ता जड झाला म्हणजे बिघडला असं नाही. त्याने दुसरं काम पत्करलं.

तुम्ही फक्त घाट चढून जा आणि वर पोचताच मोठा रस्ता सोडा. सोनोरीकडे वळा, किंवा पुढे सासवड ओलांडून राजेवाडी, आंबळ्याच्या अंगाला घुसा. दहा मिनिटांत आवाज बंद होतो. उजव्या हाताला पाझर तलाव लागतो, काठाशी बगळे. रस्ता डांबरी आहे, एकच गाडी जाईल एवढा, पण खड्डा नाही. कडेला एक पाटी: प्रधानमंत्री ग्रामसडक योजना, अमुक गाव ते तमुक वाडी, लांबी इतकी. ही योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली आणि वाड्यावस्त्यांच्या कच्च्या वाटांवर डांबर आलं. पण त्या डांबराखालची खडी पुष्कळ ठिकाणी १९७३ ची आहे. तुमचं चाक त्या बाईच्या हातोड्यावरून चाललंय.

रस्त्याचं वय विचारायचं ते यासाठी. शहराजवळचा निवांत रस्ता बहुधा तीनपैकी एका कारणाने निवांत असतो, आणि प्रत्येक कारणामागे एक तारीख असते.

पहिलं कारण तुम्ही ऐकलंत: तो कुठेतरी संपतो. वाडीला, गडाच्या पायथ्याला, धरणाच्या भिंतीला. नकाशावर अशा रेघा शोधा. मग दोन मेलेल्या रेघांची टोकं जवळ आली आहेत का ते उपग्रहाच्या चित्रात पाहा. पुष्कळदा मध्ये किलोमीटरभर गाडीवाट असते. मोटारवाल्याला ती नको असते, तुम्हाला ती चालते. त्या एका किलोमीटरने दोन शांत रस्ते जोडले जातात आणि पन्नास किलोमीटरचा फेरा तयार होतो.

दुसरं कारण: पाण्याने त्याला तोडलं. धरण झालं की जुनी सरळ वाट बुडते आणि काठाकाठाने वळसे घेत नवी होते. वेळ वाचवणारा माणूस त्या वळशाला जात नाही. मुळशीच्या पाण्याभोवती, पानशेत आणि वरसगावच्या मागच्या अंगाला, भोरजवळ भाटघरच्या काठाला तुम्हाला असे रस्ते सापडतील. तिथून जाताना पाण्याखाली काय आहे तेही ध्यानात असू द्या. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले, तरी गावं बुडाली. ज्या वळणावर थांबून तुम्ही फोटो काढता, त्याच्या खाली कोणाचं तरी शेत आहे.

तिसरं कारण: त्याच्या शेजारी दुसरा रस्ता आला. नवा बोगदा झाला आणि कात्रजच्या जुन्या घाटातून जड वाहनं निघून गेली. असं प्रत्येक जिल्ह्यात घडलंय. नव्या महामार्गापासून शे-दोनशे मीटरवर जुना रस्ता गावातून वाकडातिकडा जात असतो, त्याच्यावर जुने वड असतात, जुना दगडी पूल असतो. नव्या रस्त्याच्या रेघेच्या जवळून जाणारी वाकडी रेघ दिसली की ती एकदा चालवून बघाच. आगगाडीच्या रुळाशेजारची वाटही अशीच. पुणे-मिरज लोहमार्ग १९५६ मध्ये मीटर गेजचा होता, आता ब्रॉडगेज आहे. पण आंबळे, राजेवाडी, दौंडज, वाल्हे या छोट्या स्टेशनांच्या मधल्या वाटा अजून गावच्याच आहेत.

वाटेत असाल तेव्हा दगडांकडे बघा. किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर तुम्ही राष्ट्रीय महामार्गावर आहात, लवकर सोडा. हिरवं असेल तर राज्य मार्ग, जपून चला. नारिंगी दिसलं की ग्रामसडक, आता मान मोकळी करून आजूबाजूला बघायला हरकत नाही.

नकाशाइतकंच पंचांगही जवळ ठेवा. जेजुरीचा रस्ता एरवी कितीही शांत असला तरी रविवारी खंडोबाचा असतो, आणि सोमवती अमावास्येला तिथे सायकल नेऊ नये. नारायणपूर गुरुवारी दत्ताचं. सिंहगडाचा पायथा पावसाळ्यातल्या सुटीच्या दिवशी सगळ्या पुण्याचा. उसाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर साखर कारखाने पेटले की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटेपासून फिरतात. मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. खडीची खाण आणि क्रशर जिथे आहेत त्या बाजूला नकाशावर कितीही बारीक रेघ असली तरी जाऊ नका. डंपरला बारीक रेघ कळत नाही. एकच रस्ता मंगळवारी सकाळी स्वर्ग असतो आणि रविवारी दुपारी जत्रा. म्हणून लांबचा फेरा ठरवताना आधी वार ठरवा, मग वाट.

आणि शेवटी माणसाला विचारा. पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला ‘रस्ता चांगला आहे का’ असं विचारू नका. त्याच्या दृष्टीने चांगला रस्ता म्हणजे रुंद रस्ता, तो तुम्हाला प्रेमाने महामार्गावर नेऊन सोडेल. ‘तुमच्या लहानपणी इथून सासवडला कसं जायचे?’ असं विचारा. मग तो उठून उभा राहील, हात लांब करेल, खिंड दाखवेल, ओढा सांगेल, तिथे कोणाची गाडी कधी उलटली होती तेही सांगेल. ती वाट अजून आहे की नाही हे तोच तुम्हाला बिनचूक सांगू शकतो. पाणी विचारल्याशिवाय तो तुम्हाला सोडणार नाही. ते घ्या. बसा. सायकलवरून आलेल्या माणसाशी गाव बोलतं, कारण तो काच खाली न करता समोर उभा असतो.

पण हा शोध निश्चिंत राहण्यासारखा उरलेला नाही. पुरंदरच्या नियोजित विमानतळासाठी वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांची जमीन ठरवली गेली आहे. खानवडी हे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव. पुण्याभोवती वर्तुळाकार रस्ता येतोय. तो आला की आज वाडीला संपणाऱ्या कित्येक रेघा पुढे जायला लागतील. विमानतळ हवा की नको, हा निवाडा त्या शेतकऱ्यांना विचारून व्हावा. सायकलवाल्याच्या छंदाचं वजन त्यांच्या जमिनीपेक्षा जास्त नाही. मात्र एक मागणी आपण सगळे मिळून नक्की करू शकतो, आणि तिला खर्च थोडा आहे.

नवा रस्ता करताना जुना त्याच्याखाली गाडू नका. जिथे जागा आहे तिथे नवा बाजूने न्या. जुना रस्ता त्याच्या वडांसकट, त्याच्या दगडी पुलासकट गावासाठी ठेवा. शाळेला चालत जाणाऱ्या मुलींना तो लागतो. गुरं नेणाऱ्याला लागतो. टाळ-मृदुंग घेऊन पंढरीला निघालेल्या वारकऱ्याला सावली तिथेच मिळते. वडाच्या एका झाडाला सावली धरायला दोन पिढ्या जातात, आणि करवतीला एक सकाळ पुरते. रुंदीकरणाचा आराखडा तयार होतो तेव्हा गावकऱ्यांच्या बाजूने उभं राहायला शहरातून कोणी येत नाही, कारण शहरातल्या कोणालाच तो रस्ता माहीत नसतो. तुम्हाला आता माहीत आहे.

तेव्हा पुढच्या सुटीला निघा. वाडीला संपणारी एक रेघ निवडा आणि तिच्या टोकापर्यंत जा. तिथल्या सत्तरीच्या आजीला विचारा की हा रस्ता कोणी बांधला. बहुधा ती म्हणेल, आम्हीच बांधला. तिचं म्हणणं लिहून आणा, रस्त्यावरची मोठी झाडं मोजून आणा, आणि उद्या त्या रस्त्याची मोजणी लागली तर ते कागद घेऊन ग्रामसभेत तिच्या शेजारी बसा. निवांत रस्त्यावर सायकल चालवायचा हक्क आपण असाच कमवायचा.